समुद्र कुठल्या बाजूला?

गिरगाव मेट्रो स्टेशनात, तिकिटाच्या गेटांमधून बाहेर आल्यावर जिथे चार दिशांना चार बाण दिसतात, तिथे एक आजी नातवाचा हात धरून उभ्या होत्या. फिकी सुती साडी, हातातल्या पिशवीतून डोकावणारी शेपूची जुडी. त्यांनी तिथल्या सुरक्षारक्षकाला विचारलं, "बाळा, ठाकूरद्वारला जायचंय. रस्ता ओलांडायचा नाही मला. समुद्राकडच्या फुटपाथला कुठनं निघेन?" पोरगा विशीतला, बोलण्यावरून मराठवाड्याकडचा वाटत होता. त्यानं पाटीकडे बोट केलं. "आज्जी, त्या बाणानं जावा, तिथं लिवलंय बघा." आजींनी पाटी वाचली. पाटीवर इंग्रजी अक्षर, त्यापुढे आकडा, त्याखाली रस्त्याचं नाव. "ते कळलं रे. पण समुद्र कुठल्या बाजूला?" पोरानं एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे. दोन्हीकडे तीच फरशी, तेच खांब, तोच पांढरा उजेड. "ते काय म्हाईत नाय, आज्जी."

त्यात त्याचा काही दोष नव्हता.

वर रस्त्यावर हा प्रश्न गिरगावात कुणी विचारतच नाही. तिथे दिशा अंगात मुरलेली असते. समुद्राकडे, प्रार्थना समाजकडे, चिराबाजारकडे, मुंबादेवीकडे. उत्तर-दक्षिण हे शब्द फक्त वास्तुशास्त्रवाल्यांच्या तोंडी. संध्याकाळी ऊन कुठून येतं, वारा कुठल्या गल्लीतून घुसतो, उतार कुठे आहे, पावसाचं पाणी कुठे साचतं, यावरून माणूस डोळे मिटूनही सांगेल चौपाटी कुठे ते. पाच-सात मजले खाली गेलं की यातलं एकही साधन उरत नाही. ऊन नाही, वारा नाही, उतार नाही. सरकत्या जिन्यावर दोन-तीनदा वळून उतरलात की शरीरातल्या होकायंत्राचा काटा गरगरतो आणि मग पाटीवर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नसतं. पाटी करणाऱ्यानं मात्र दिशा नाही, अनुक्रम लिहिलेला असतो. अक्षरं आणि आकडे लक्षात ठेवायला सोपे, हे खरं. पण ते शहराशी कुठेही बांधलेले नसतात. चुकीच्या तोंडातून वर आलात तर रस्त्याच्या पलीकडे निघता, आणि जे ओलांडायचं नाही म्हणून खालून आलो, तेच ओलांडावं लागतं.

भुयारी स्टेशन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे फलाट येतो. खरं तर फलाट हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. आठ डब्यांची गाडी म्हणजे जवळपास १८० मीटर, तेवढा लांब एक ओटा, दोन्ही टोकांना यंत्रांच्या खोल्या, संपलं. अवघड असतो तो फलाटापासून रस्त्यापर्यंतचा भाग, आणि स्टेशनची सगळी बुद्धी, सगळा पैसा आणि सगळी भांडणं तिथे खर्च होतात. हिशेब करून बघा. फलाट २० मीटर खोल धरला आणि पायरी १५ सेंटीमीटरची, तर १३३ पायऱ्या होतात. सरकता जिना ३० अंशांत चढतो, म्हणजे २० मीटर उंचीसाठी ४० मीटर लांबी. सेकंदाला अर्धा मीटर वेगाने ८० सेकंद, ०.६५ मीटर वेगाने साधारण ६२. त्यात मधला काँकोर्स म्हणजे तिकिटांचा मजला, गेटांची रांग, बाहेरचा जोडबोगदा. म्हणून गिरगावातून जाणाऱ्या या कुलाबा-सीप्झ मार्गावर 'गाडी चार मिनिटांत येते' असं म्हणणाऱ्यांनी वर यायची चार-पाच मिनिटंही जमेस धरावीत. मरोळ नाक्याला तर कमालच आहे. तिथे जमिनीखालच्या फलाटावरून घाटकोपर-वर्सोव्याची गाडी धरायची तर पाताळातून निघून रस्त्याच्याही डोक्यावर जायचं, कारण ती मेट्रो खांबांवरून धावते.

सरकत्या जिन्याबद्दल दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. कडेला खालच्या बाजूला जो काळा ब्रश असतो, त्यावर लोक हौसेनं बूट पुसतात. तो बूट पुसायला नाही. पायरी आणि बाजूचा पत्रा यांच्यात काही मिलिमीटरची फट असते, आणि मऊ रबरी चप्पल त्या पत्र्याला घासली की गरम होऊन चिकटते आणि फटीत ओढली जाते. ब्रशचे केस पायाला लागले की माणूस आपोआप पाय आत घेतो, एवढंच त्याचं काम. साडीचा काठ आणि ओढणी अडकते ती बहुतेक वेळा वर पोचल्यावर, जिथे पायऱ्या दातेरी पट्टीखाली शिरतात तिथे. आणि हाताखालचा रबरी पट्टा पायरीपेक्षा किंचित पुढे-मागे सरकतो असं वाटतं, तो भास नाही. पट्टा वेगळ्या चाकावर फिरतो, चाक झिजलं की वेग बदलतो. वयस्कर माणसं म्हणूनच तोल गेल्यासारखी वाटतात. त्यांच्यासाठी लिफ्ट बरी, पण लिफ्ट प्रत्येक तोंडाला नसते, आणि ती ज्या तोंडाला आहे ते समुद्राच्या बाजूला असेलच असं नाही.

तर मग एवढं खोल जायचंच कशाला?

गिरगाव-काळबादेवीत उभं राहून वर पाहिलं की उत्तर मिळतं. स्टेशन बांधायची साधी रीत म्हणजे रस्ता उकरायचा, चारी बाजूंनी भिंती घालायच्या, खालून वर स्लॅब टाकत यायचं आणि वरून झाकण घालून रस्ता परत करायचा. या मार्गावरच्या २६ भुयारी स्टेशनांपैकी १९ अशी झाली. पण जगन्नाथ शंकरशेट रस्ता काही ठिकाणी इतका चिंचोळा की स्टेशनच्या पेटीला लागणारी रुंदी दोन्ही बाजूंच्या चाळींच्या पोटात जाते. मग गिरगाव, काळबादेवी, ग्रँट रोड अशा सात ठिकाणी दुसरी रीत वापरावी लागली. मिळेल तेवढ्या जागेत एक विहीर खणायची आणि तळाशी पोचल्यावर आडवं कोरत जायचं. खाली काळा बेसाल्ट आहे म्हणून हे जमतं. एका वेळी मीटर-दीड मीटर पुढे जायचं, लगेच दगडावर काँक्रीटचा फवारा मारायचा, छतात लांब बोल्ट ठोकायचे, मग पुढचा मीटर. बेसाल्ट चांगला असेल तर तो स्वतःचं वजन बराचसा स्वतःच पेलतो. पण मुंबईचा दगड एकसारखा नाही. मध्येच ब्रेचिया, म्हणजे तुकडे जुळून झालेला दगड, लागतो, मध्येच राखेचा मऊ थर, आणि कफ परेडकडे भराव टाकून मिळवलेली जमीन. कठीण दगडातून अचानक मऊ थरात शिरलं की वरची जमीन काही मिलिमीटर खचते. ते काही मिलिमीटर कळावेत म्हणून त्या काळात जुन्या इमारतींच्या भिंतींवर काचेचे छोटे आरसे चिकटवलेले असत. रस्त्यावरून एक यंत्र त्या आरशांवर प्रकाश टाकून इमारत जागची हलली का ते मोजत राही. भेगेवर आडवी काचेची पट्टी लावायची रीत त्याहून जुनी. पट्टी तडकली म्हणजे भेग वाढली. गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या बायकांना ती पट्टी काय सांगते हे इंजिनियरइतकंच पाठ झालं होतं म्हणतात, आणि त्यात मला नवल वाटत नाही.

दोन स्टेशनांमधला बोगदा मात्र यंत्रांनी खणला. १७ यंत्रं होती, त्यांना गोदावरी, कृष्णा, वैतरणा, तापी, वैनगंगा अशी नद्यांची नावं दिलेली. पहिलं यंत्र दगड फोडून पलीकडे निघालं ते २४ सप्टेंबर २०१८ रोजी, विमानतळाच्या टी-टू स्टेशनात, आणि ते गोदावरी होतं. नद्यांची नावं घेतलेल्या यंत्रांनी पुढे धारावी आणि बीकेसीच्या मध्ये खऱ्याखुऱ्या मिठी नदीखालून वाट काढली, हा योग जमून आला. माणसं यंत्रांना नावं का देतात कोण जाणे. बहुधा अंधारात एकटं काम करणाऱ्याला हाक मारता यावी म्हणून.

पाण्याचं काय करायचं, हा भुयारी स्टेशनचा जन्मभराचा प्रश्न. लोकांना वाटतं भीती पाणी आत येण्याची. ती आहेच. पण त्याआधी एक उलटी भीती असते, स्टेशन तरंगण्याची. थट्टा नाही. पावसाळ्यात मुंबईच्या बऱ्याच भागात भूजल जमिनीपासून हाताच्या अंतरावर येतं. २०० मीटर लांब, २० मीटर रुंद आणि पाण्याच्या पातळीखाली १५ मीटर बुडालेली पेटी धरा. ती ६०,००० घनमीटर पाणी बाजूला सारते, म्हणजे पाणी तिला ६०,००० टनांच्या जोरानं वर ढकलतं. पंधरा टन भरलेले चार हजार ट्रक खालून रेटताहेत असं समजा. पेटी आतून पोकळ. म्हणून भिंती आणि तळ मीटर-मीटर जाडीचे करतात, वर मातीचा भराव टाकतात, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर तळातून दगडात खुंटे गाडून तिला खाली बांधून ठेवतात. बांधकाम चालू असताना, छत आणि भराव पडायच्या आधी, धोका सगळ्यात जास्त. म्हणून तेव्हा भोवतीचं पाणी पंपांनी रात्रंदिवस उपसत राहतात. तो पंपांचा घरघराट आणि बॅरिकेडच्या कडेनं गटाराकडे धावणारं गढूळ पाणी गिरगावकरांनी वर्षानुवर्षं ऐकलं, पाहिलं. पंप बंद करायची घाई केली तर काय होतं ते कुठल्याही साइटवरच्या जुन्या मुकादमाला विचारा.

आत येणारं पाणी बेमालूम असतं. काँक्रीट एका दिवशी ओतलं जात नाही. काल ओतलेल्या आणि आज ओतलेल्या काँक्रीटमध्ये सांधा राहतो आणि पाणी नेमका तोच शोधतं. फलाटाच्या शेवटी, जिथे चकचकीत पत्रे संपतात आणि बोगद्याची उघडी भिंत दिसते, तिथे डोळे बारीक करून पाहिलं तर पांढरे ओघळ दिसतील. आपल्या घरच्या भिंतीला लोणा येतो तसेच, फक्त हे सरळ रेषेत, कारण सांधा सरळ रेषेत असतो. दुरुस्तीवाले सांध्याच्या बाजूला तिरकं भोक पाडतात, असं की ते भिंतीच्या पोटात मध्यावर सांध्याला छेदेल. त्यात पितळी तोटी बसवून दाबानं राळ सोडतात. पाणी लागलं की राळ फुगते आणि वाट बुजते. ती वाट बुजली की पाणी शेजारच्या सांध्यातून डोकावतं. मग तिथे भोक. हा खेळ बरेच दिवस चालतो, आणि थोडं पाणी शेवटपर्यंत येतच राहतं. त्याच्यासाठी भिंतीच्या पत्र्यामागे चोरगटार असतं, आणि बोगद्याच्या सगळ्यात खोल जागी खड्डा आणि पंप. लंडनच्या सेंट्रल लाइनवर तर स्टेशनं मुद्दाम उंचवट्यावर ठेवली. गाडी येताना चढावर आपोआप मंदावते, जाताना उतारावर पळते, आणि पाणी स्टेशनात न थांबता मधल्या खोलगटात जातं. विजेचं बिल आणि पाणी, एका उतारात दोन्ही कामं.

रस्त्यावरून येणाऱ्या पाण्याला अडवायची युक्ती तुम्ही रोज पायाखाली घालता. मेट्रोत शिरताना आधी तीन-चार पायऱ्या वर चढाव्या लागतात आणि मग खाली उतरणं सुरू होतं. लोक वैतागतात की खाली जायचंय तर वर कशाला चढवता. तो उंबरठा आहे. तिथे आजवर जेवढं पाणी तुंबलं असेल त्याच्या वर तो असावा लागतो, आणि त्याहूनही वर पाणी आलं तर खाचांत फळ्या बसवायची सोय असते. सगळी तोंडं पूर्ण असतील तर ही व्यवस्था चालते. एक जरी तोंड अर्धवट असेल तर बाकीच्यांना काही अर्थ उरत नाही. आचार्य अत्रे चौक स्टेशन १० मे २०२५ रोजी लोकांसाठी उघडलं. २६ मे रोजी पाऊस मुंबईत दाखल झाला, ११ जूनच्या नेहमीच्या तारखेपेक्षा सोळा दिवस आधी. बांधकाम चालू असलेल्या एका तोंडाशी पाणी अडवायला उभी केलेली भिंत कोसळली आणि रस्त्यावरचं पाणी थेट फलाटावर उतरलं. गाड्या वरळीपर्यंतच चालवाव्या लागल्या. त्या दिवशी फोनांवरून फिरलेली दृश्यं सगळ्यांनी पाहिली. ज्या स्टेशनाला अत्र्यांचं नाव, त्याची अशी फजिती झाल्यावर अत्रे स्वतः काय बोलले असते, हा विचार त्या दिवशी निम्म्या महाराष्ट्राच्या मनात आला असणार.

नावांची गंमत निघालीच आहे तर. विधान भवन, हुतात्मा चौक आणि आचार्य अत्रे चौक, संयुक्त महाराष्ट्राची अख्खी कथा एकाच तिकिटात मावते. मुंबई सेंट्रलच्या मेट्रो स्टेशनाला जगन्नाथ उर्फ नाना शंकरशेटांचं नाव आहे. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली त्या कंपनीच्या संचालकांत नाना होते, तेव्हा मान रास्तच. पण जगन्नाथ शंकरशेट रस्ता आहे गिरगावात आणि स्टेशन आहे मुंबई सेंट्रलला. नवख्या माणसानं नावावरून उतरायचं ठरवलं तर तो दोन स्टेशनं पुढे जातो. मेक्सिको सिटीनं १९६९ साली प्रत्येक स्टेशनला नावाबरोबर एक चित्रही दिलं, न वाचता येणाऱ्यालाही उतरता यावं म्हणून. लंडनमध्ये लेस्ली ग्रीन या वास्तुकारानं १९०६-०७ च्या सुमारास प्रत्येक स्टेशनच्या टाइलचा रंग आणि नक्षी वेगळी ठेवली, धावत्या गाडीतूनही कळावं म्हणून. आपल्याकडे खांब, फरशी, पाटी सगळीकडे साधारण एकाच साच्यातली. त्यानं सुटे भाग स्वस्त पडतात, देखभाल सोपी होते, हे मान्य. फक्त डुलकी लागलेल्या माणसाला जाग आल्यावर क्षणभर कळत नाही की आपण सिद्धिविनायकला आहोत की सांताक्रूझला.

आणि वारा. कोलकात्याच्या जुन्या मेट्रोत, १९८४ पासून, गाडी दिसायच्या आधी तिचा वारा येतो. बोगद्यात गाडी म्हणजे नळीतला दट्ट्या. ती पुढची हवा ढकलत आणते. आधी कागदाचा कपटा हलतो, मग कपाळावरचे केस, मग खडखडाट. कुठल्या बाजूनं गाडी येतेय हे आंधळ्यालाही कळतं. मुंबईच्या भुयारी फलाटावर हे सुख नाही. इथे फलाटाच्या कडेनं छताला टेकलेल्या काचा आहेत आणि गाडी थांबल्यावरच त्यांची दारं सरकतात. कुणी रुळांवर पडत नाही, फलाटावरची गार हवा बोगद्यात पळून जात नाही. त्याची किंमत म्हणून गाडीची चाहूल गेली. उरली ती एक शीळ. गाडी जवळ आली की दबलेली हवा काचांच्या सांध्यांतून निसटते आणि बारीक, प्रेशर कुकरची शिट्टी व्हायच्या आधीच्या फुसफुशीसारखा आवाज येतो. कान दिलात तर तो एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जातो.

स्टेशनच्या दोन्ही टोकांना मोठाले पंखे असतात ते या हवेसाठी, आणि त्याहून जास्त धुरासाठी. जिन्यांची रुंदी गर्दीवर ठरत नाही, आगीवर ठरते. जगभर बरेच जण अमेरिकेचा एनएफपीए १३० हा नियम पाळतात. भरलेला फलाट चार मिनिटांत रिकामा व्हायला हवा आणि शेवटचा माणूस सहा मिनिटांत धुरापासून सुरक्षित जागी पोचायला हवा. त्यासाठी पंखे एका बाजूनं धूर ओढतात आणि जिन्यावरून ताजी हवा खाली उतरते, म्हणजे पळणाऱ्याच्या तोंडावर वारा लागतो. अशा वेळी वाऱ्याच्या समोर चालत जायचं, हे पाटीवर कुठे लिहिलेलं नसतं पण लक्षात ठेवण्यासारखं आहे. फुटपाथवर मध्येच उभे असलेले जाळीचे चौकोनी मनोरे, ज्यांना टेकून लोक वडापाव खातात, ते या पंख्यांचं नाक.

पुण्यात सिव्हिल कोर्टचं स्टेशन ३३.१ मीटर खोल आहे, आणि त्याचं छत असं योजलंय की दिवसा उजेड खालपर्यंत उतरावा. तिथे फलाटावरून निदान एवढं तरी कळतं की बाहेर दुपार आहे की ढग आलेत. उन्हाचा कवडसा ज्या बाजूला तिरपा पडतो त्यावरून पश्चिमही कळेल. गिरगावला विहिरीतून उतरून आडव्या कोरलेल्या बोगद्यात ही चैन शक्य नव्हती.

पण आजींना उत्तर देता आलं असतं. गाडी ज्या दिशेला आरेला, म्हणजे मार्गाच्या उत्तर टोकाला जाते, तिकडे तोंड करून उभं राहायचं. डाव्या हाताला समुद्र. ग्रँट रोडला डावा हात, वरळीला डावा हात, सिद्धिविनायकला डावा हात. दोन जागी मात्र फसगत होते. चर्चगेटहून हुतात्मा चौकाकडे गाडी पूर्वेला वळते, तिथे समुद्र पाठीशी जातो. आणि शीतलादेवी सोडल्यावर मार्ग धारावीकडे वळला की समुद्राचा नाद सोडून द्यायचा. फक्त फलाटावरच ही दिशा मनात पक्की करायची आणि वर येताना जिना जितक्यांदा वळेल तितक्यांदा मनातला हातही वळवायचा. वर येईपर्यंत विसरायला होतं. लहान मुलाला सांगितलं तर तो विसरणार नाही, तो हात खरोखरच पसरून चालेल.

आजी शेवटी एका बाणानं निघाल्या. नातू जिन्यावर मागे वळून पाटीवरचं अक्षर मोठ्यानं वाचत होता. त्या वर गेल्या, आणि दोनेक मिनिटांनी दुसऱ्या बाजूच्या जिन्यानं परत खाली उतरताना दिसल्या. शेपूची जुडी आता नातवाच्या हातात होती. "बघ," त्या त्याला म्हणत होत्या, "तिकडे चिराबाजार. म्हणजे समुद्र इकडे."